खुलासा: रुजू होतानाच आजाराची सगळी फाइल द्यावी लागते का?
‘जुनाट आजार असेल तर पहिल्याच दिवशी सगळे रिपोर्ट एचआरला द्या, नाहीतर फसवणुकीचा ठपका बसेल’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे.

कायदा देशागणिक बदलतो, पण सरसकट असं बंधन सहसा नसतं. वाहन चालवणं, उंचीवरचं काम, फिरती यंत्रं अशा ठिकाणी फिट येण्याचा किंवा साखर एकदम उतरण्याचा धोका असेल, तर आधीच सांगावं. फॉर्ममध्ये थेट प्रश्न असेल तर खोटं लिहू नये. अंगलट येतं ते बहुधा हेच.

आजारामुळे कामात सवलत हवी असेल तर मात्र गप्प राहून चालत नाही. आजाराचा इतिहास नको, अडचण लिहा: ‘सलग दोन तासांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही, बसायला स्टूल हवं.’ डॉक्टरांच्या दाखल्यात मर्यादा, सोय आणि मुदत एवढं पुरतं. एमआरआयची फाइल कशाला? बोलणं तोंडी झालं तरी त्याच दिवशी ईमेल करा.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी शेजारच्या सहकाऱ्याला सांगून ठेवावं: रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

विम्याचा फॉर्म वेगळा. तिथे विचारलेलं लपवलं तर दावा नाकारला जाऊ शकतो.