चारशेच्या स्टिकमध्ये शेकडो चॅनल? कायच्या काय!

परवापासून घरच्या, वाड्यावरच्या, देवळाच्या कमिटीच्या, सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. "केबल-डिशचं बिल बंद करा, चारशे रुपयांची यूएसबी टीव्ही स्टिक लॅपटॉपला लावा, शेकडो चॅनल फुकट, नेट पण नको. केबल असेल तर तीच वायर स्टिकला जोडा, सेट टॉप बॉक्स असेल तर एचडीएमआय वायर लॅपटॉपला. सॉफ्टवेअर विंडोजमध्ये आधीच असतं. चित्र अडकलं तर मोठं ग्राफिक कार्ड घाला." एवढ्याशा मजकुरात एवढं चुकीचं कोंबायला पण डोकं लागतं.

आधी स्टिक. स्टिक चॅनल तयार करत नाही, हवेत असेल ते पकडते, म्हणजे हवेत काहीतरी असायला पाहिजे ना. या स्वस्तातल्या स्टिक बहुतेक आरटीएल२८३२यू चिपच्या, डीव्हीबी-टी नावाच्या जुन्या डिजिटल प्रक्षेपण पद्धतीच्या. दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत डिजिटल सुरू केलं ते डीव्हीबी-टी२ या नव्या पद्धतीवर, जी ही चिप वाचूच शकत नाही, आणि त्या १६ मध्ये आमच्या गोव्याची पणजी नव्हतीच. जुनं ॲनालॉग म्हणाल तर २०२२ पर्यंत देशभरातले बहुतेक ट्रान्समीटर प्रसार भारतीने बंद केले. आमच्या शेजारच्याने तरी मागवलीच. वीतभर ॲन्टेना खिडकीच्या गजाला चिकटवली, स्कॅन लावला, हिरवी पट्टी सरकत सरकत शंभरला टेकली आणि खाली आलं, चॅनल: ०. मग म्हणतो, ॲन्टेना लहान पडली असणार.

आता शेकडो चॅनल फुकट हे अगदीच खोटं नाही, पण ती गोष्ट डीडी फ्री डिशची, म्हणजे उपग्रहाची. जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. डीडी गोवा पण २०१९ पासून त्यावर आहे. हे कॉम्प्युटरवर बघायचं तर डीव्हीबी-एस२, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडणारा, ट्यूनर पाहिजे, डेस्कटॉपला आत बसणारं कार्ड किंवा लॅपटॉपला यूएसबीचा डबा, आणि एस२ च घ्या, नुसत्या एस वाल्या जुन्या कार्डात काही चॅनल दिसतच नाहीत. डबा घेताना त्याला स्वतःचा ॲडॅप्टर आहे का ते बघा, कारण छत्रीच्या (डिशच्या) तोंडावरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ नाहीतर १८ व्होल्ट लागतात आणि ते ट्यूनरच वायरीतून वर पाठवतो, यूएसबीत असतात ५ व्होल्ट. ॲडॅप्टर नाही आणि तरी 'सॅटेलाइट चालतं' असं लिहिलंय तर मी तरी त्या डब्यापासून लांबच राहीन.

आणि छत्री. गोव्यातून हा उपग्रह आग्नेयेला दिसतो, साधारण ६० अंश वर, म्हणजे बराच उंच. लांबची घरं-झाडं आड येत नाहीत, पण त्या बाजूला अगदी लागून माड असेल तर झालंच. उन्हाळ्यात फीट केलेली छत्री जूनमध्ये दगा देते, कारण भिजलेली झावळ केयू बँडला, म्हणजे उपग्रहाच्या या लहरींना, बरोबर अडवते, आणि जोराचा पाऊस लागला की माड नसला तरी चित्राचे चौकोन होतातच. त्याला कुठलंच कार्ड काही करू शकत नाही. समुद्राजवळ राहत असाल तर वरच्या कनेक्टरला वॉटरप्रूफ टेप गुंडाळा, खारा वारा त्याला वर्षभरात हिरवा करतो.

केबलची वायर थेट स्टिकला? केबल डिजिटल झाली आणि सिग्नल कुलूपबंद आहे, किल्ली बॉक्समध्ये. संपला विषय.

एचडीएमआयचं तर लोकांना खरंच पटत नाही, कारण वायर भोकात बसते. पण लॅपटॉपचं ते भोक बाहेर पाठवायचं असतं, आत घ्यायचं नाही, बॉक्सपण बाहेरच पाठवतो, मग बघणार कोण? मधे बाहेरचं चित्र आत घेणारा कॅप्चर डिव्हाइस लावता येतो, पण बॉक्सने एचडीसीपी, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, लावलेलं असलं की स्क्रीन काळी. जुन्या ट्यूनर कार्डाच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या एव्ही वायरीने चित्र येतं, फक्त एचडी विसरायचं.

सॉफ्टवेअर 'आधीच असतं' म्हणजे मीडिया सेंटर, ते विंडोज १० मध्ये, २०१५ लाच काढून टाकलं. व्हीएलसी घ्या, नाहीतर लिनक्सवर टीव्हीहेडएंड.

ग्राफिक कार्डवर मात्र कृपा करून पैसे घालू नका. टीव्हीचं चित्र उलगडायला आतलंच ग्राफिक पुरतं, आणि नेटवरचं फोर-के बघायचं तरी इंटेलच्या सातव्या पिढीपासून दहा-बिट एचईव्हीसी, म्हणजे तसं चित्र उलगडायची, सोय चिपमध्येच आहे. न्यूज चॅनलची खालची पट्टी अडखळत सरकते ना, तो कार्डाचा दोष नव्हे. आपलं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं आणि लॅपटॉपची स्क्रीन ६० वर, दोन्ही जुळत नाहीत. स्क्रीन किंवा टीव्ही ५० वर घेता आला तर घ्या. कडांना कंगव्यासारखे दात दिसले तर व्हीएलसीत डीइंटरलेस चालू करा. खर्च शून्य.

आणि घरात फायबर असेल तर एवढा खटाटोप कशाला? दूरदर्शनची चॅनलं प्रसार भारतीच्या वेव्ह्ज ॲपवर लाइव्ह असतात, ते ॲप २०२४ च्या इफ्फी चित्रपट महोत्सवात इथंच गोव्यात सुरू झालं.

ज्यांनी स्टिक घेऊनच टाकलीय त्यांनी फेकू नका. तीच चिप एसडीआर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा रेडिओ, म्हणून मस्त चालते, एफएम ऐका, नाहीतर विमानं आपली जागा सांगतात त्या १०९० मेगाहर्ट्झवर लावून दाबोळी-मोपाला उतरणारी विमानं नकाशावर बघा. शेजाऱ्याला तेच लावून दिलंय, आता सिरियल सोडून तो विमानं मोजत बसतो.