‘दिव्यांग कामगार ठेवला की शेडला कुलूप’ : फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

‘सर्व लघुउद्योजकांनो सावधान’ असा मथळा आणि त्याच्या आजूबाजूला सात-आठ लाल दिवे. हा मेसेज गेले काही दिवस आपल्या कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यात, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव असा ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. काल तो घरच्या ग्रुपवर आला. पाठवणारा आत्येभाऊ, म्हणजे चार लेथ (धातू कातायची यंत्रं) आणि एका सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या) शेडचा मालक. खाली त्याचा प्रश्न: ‘‘हे खरं हाय काय? एक कर्णबधिर पोरगा घेणार होतो, थांबवू काय?’’

थांबवू नको. का, ते सांगतो.

मेसेजात सहा मुख्य गोष्टी आहेत. नव्या कायद्यानं प्रत्येक दुकान-कारखान्यात ४ टक्के दिव्यांग घेणं सक्तीचं. नाही घेतले तर थेट ५ लाख दंड. घेतले तर रॅम्प, लिफ्ट, खास संडास यांचा १० लाखांचा खड्डा. एकदा घेतला की काढता येत नाही. अपघात झाला तर विमा नाही. आणि शेवटी, ‘सर्वात महत्त्वाचं’ म्हणून ठळक अक्षरांत: ‘बहिरा-लंगडा माणूस मशीनवर उभा करणं म्हणजे खून करण्यासारखं आहे.’

कायद्याचं आधी उरकून घेऊ. हा ‘नवा’ कायदा २०१६ चा आहे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातलं ४ टक्के आरक्षण कलम ३४ मध्ये आहे आणि ते सरकारी आस्थापनांना आहे. खासगी क्षेत्रासाठी कलम ३५. त्यात सक्ती नाही, उलट मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारनं मालकांना प्रोत्साहन द्यावं असं म्हटलंय. ते प्रोत्साहन तुमच्या शेडपर्यंत किती पोचलं हा वेगळा विषय, त्यावर भांडायचं तर मीही येतो. काढता येत नाही ही भानगडही तशीच. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कामावरून कमी करू नये, हे कलम २० सरकारी आस्थापनांना सांगतं. मेसेज लिहिणाऱ्यानं कायदा उघडला असेल, पण ‘सरकारी’ हा शब्द दिसेल तिथं पुसून टाकलाय.

दंडाच्या गोष्टीत मात्र अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. कलम २१ खासगी आस्थापनेलाही लागू होतं. समान संधीचं धोरण लिहून ते जाहीर करायचं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची. वीस किंवा जास्त माणसं असतील तर कोणती कामं दिव्यांगांना योग्य आहेत त्यांची यादी आणि एक संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. वीसच्या आत असाल तर काय सोयी देणार एवढं लिहिलं की भागतं. उद्यमनगरात हा कागद किती शेडमध्ये सापडेल? कायदा मोडल्याचा दंड कलम ८९ मध्ये आहे: पहिल्यांदा १० हजारांपर्यंत, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख. म्हणजे ५ लाख हा आकडा आहे, पण तो पुन्हा पुन्हा मोडणाऱ्याला आहे आणि ‘कामगार घेतला नाही’ यासाठी तर नाहीच.

विम्याचं एका वाक्यात. ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, दिव्यांग कामगाराला वगळत नाही, उलट इतरांसाठी पगाराची मर्यादा २१,००० रुपये असताना दिव्यांगांसाठी ती २५,००० ठेवली आहे.

आता ते खुनाचं वाक्य. इथं मात्र थांबणार, कारण आत्येभावाचा हात या वाक्यानं आखडलाय.

कर्णबधिर माणसाला सायरन ऐकू येत नाही, म्हणून तो धोका. ठीक. मग फाउंड्रीत फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करायला) उभ्या असलेल्या माणसाच्या कानात काय असतं? इअरप्लग. ग्राइंडर चालू, शेजारी साचे हलवून फोडायचं शेकआउट चालू, वर ब्लोअर. तिथं चांगल्या कानाच्या माणसालासुद्धा सायरन ऐकू येत नाही, आणि येऊ नये अशी व्यवस्था आपणच केलेली असते. ज्या शेडमध्ये कर्णबधिर माणूस असुरक्षित आहे, तिथं इअरप्लग घातलेला प्रत्येक जण असुरक्षित आहे. दुखणं त्या पोराच्या कानात नाही, सगळा भरवसा आवाजावर ठेवण्यात आहे.

उपाय इलेक्ट्रिशियनच्या अर्ध्या दिवसाचा आहे. सायरनच्या लाइनवरूनच एक रिले (आपोआप चालणारा स्विच) घेऊन त्यावर बीकन, म्हणजे लाल झगझगणारा दिवा, लावायचा. चुका ठरलेल्या असतात. पहिली, बीकन ऑपरेटरच्या पाठीमागे लागतो. लेथवरचा माणूस चककडे, म्हणजे जॉब (कातायचा तुकडा) पकडून फिरवणाऱ्या भागाकडे बघतो, छताकडे नाही, म्हणून बीकन त्याच्या समोरच्या भिंतीवर, नजर जाईल अशा उंचीवर हवा. दुसरी, वेल्डिंगच्या कोपऱ्याजवळ लावतात. तिथं दिवसभर आर्कचा लखलखाट, बीकनकडे कोण बघतो? तिसरी, संडासात बीकन नसतो. आग लागली तेव्हा माणूस नेमका आत असला तर? चौथी, लाइट गेली की बीकनही गेला. त्याला बॅटरी हवी. आणि महिन्यातून एकदा तरी सगळ्यांसमोर लावून बघायचा, नाहीतर तो गणपतीच्या माळेसारखा शोभेला राहतो.

दुसरी सवय माणसांची. चालू मशीनवरच्या कर्णबधिर माणसाच्या खांद्यावर मागून थाप मारायची नाही. तो दचकतो, आणि दचकलेला हात चकमध्ये जातो. समोरून यायचं, नजरेत यायचं, किंवा मशीनवरचा दिवा दोनदा बंद-चालू करायचा. फोर्कलिफ्टवाल्याला ‘हॉर्न दिला होता’ ही सबब बंद. जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांची पायवाट, वळणावर बहिर्गोल आरसा, आणि समोरच्याची नजर मिळेपर्यंत गाडी पुढे नाही. पाळीला एक माणूस ठरवायचा, जो गडबडीत त्या पोराला बाहेर काढेल. तो रजेवर असेल तर कोण, हेही ठरलेलं हवं.

‘टूल कुरकुरलेलं त्याला कळणार कसं?’ हा प्रश्न निदान कारागिराचा आहे. सीएनसीवर स्पिंडल लोडचा, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या ताणाचा, आकडा स्क्रीनवर दिसतो, तो नेहमीपेक्षा चढला की टूल बघायचं. साध्या लेथवर थरथर हँडलमधून हाताला लागते आणि जॉबच्या फिनिशवर लाटा दिसतात. आणि ‘लिहून दिलं की कळेल’ असंही समजू नका. भारतीय सांकेतिक भाषेत वाढलेल्या अनेक मुलांना लांबलचक लेखी मराठी सहज वाचता येत नाही. पानभर सूचनांपेक्षा एक चांगला जॉब, एक रिजेक्ट जॉब आणि दोन्हींवर खूण केलेला फोटो टेबलासमोर टांगा. ऐकू येणाऱ्या नव्या पोरांनाही त्याचा उपयोग होईल.

आता प्रामाणिक अपवाद. एकच हात चालतो अशा माणसाला दोन बटणांच्या पॉवर प्रेसवर बसवायचं नाही. ती दोन बटणं दोन्ही हात डायबाहेर (पत्रा दाबणाऱ्या साच्याबाहेर) राहावेत म्हणून असतात. एक बटण बांधून ठेवून ‘जमवून घेणं’ हा मात्र खरोखर मेसेजातला गुन्हा आहे, आणि तो आज धडधाकट माणसांसाठीही सर्रास चालतो. लाइट कर्टन (हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) लावू म्हणाल, तर पिन क्लचची जुनी प्रेस स्ट्रोक सुरू झाल्यावर मध्ये थांबतच नाही, कर्टन तिथं निरुपयोगी. त्याला फ्रिक्शन क्लच लागतो. तसंच, फिट्स येणाऱ्या माणसाला उंचावर किंवा उघड्या फिरत्या शाफ्टजवळ ठेवू नये. त्याला गेजिंग (मापं तपासणं), स्टोअर, पॅकिंग, डिस्पॅच आहे. सरसकट ‘मशीनवर नको’ म्हणणाऱ्यांना हे एक-एक काम तपासायचा कंटाळा असतो, बाकी काही नाही.

राहिले १० लाख. लिफ्ट कशाला? ऑफिस पोटमाळ्यावर आहे म्हणून? बिलं करायचं टेबल खाली आणा. अंध माणूस बिलाला घेतला तर महाग सॉफ्टवेअर लागतं, हेही कुणीतरी मेसेजखाली लिहिलंय. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो.

रॅम्पचं गणित बारानं गुणायचं. एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. जगात भारी म्हणवणाऱ्या गावाला सहा फुटी फळी जड जावी? फक्त ती लोखंडी चेकर्ड प्लेटची (उठावाच्या नक्षीच्या जाड पत्र्याची) करू नका. ५ मिलिमीटर जाडीच्या ६ बाय ३ फुटांच्या प्लेटचं वजन ७० किलोच्या आसपास जातं, रोज उचलायची म्हटलं की आठ दिवसांत ती भिंतीला टेकून उभी राहते. अॅल्युमिनियमची घ्या, खाली अँगलचा आधार द्या आणि दोन्ही कडांना दोन इंच उभी पट्टी ठेवा, म्हणजे चाक घसरून बाहेर जात नाही. वरचं टोक उंबऱ्याला चपखल बसलं पाहिजे. बोटभर फट राहिली तरी व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक अडकतं आणि माणूस तोंडावर येतो. काँक्रीटचा करणार असाल तर वर गुळगुळीत ग्रॅनाइट लावू नका, आपल्याकडचा पावसाळा आठवा. आणि करून झाल्यावर त्याच्यापुढे मोटारसायकली लावू नका.

इथं मेसेजवाल्याला एक गुण देतो, नाइलाजानं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शाहूपुरीकडे काहींनी जोतं अडीच-तीन फूट उचललंय. तीन फुटांना छत्तीस फूट उतार लागतो, तो गटार ओलांडून थेट रस्त्यात जाईल. तिथं रॅम्प होत नाही. पण तिथंही मागच्या गल्लीच्या बाजूला जमीन उंच आहे का, ते आधी बघा.

संडास हा खरा अडथळा, आणि त्याबद्दल मेसेजात ‘खास’ या शब्दापलीकडे काही नाही. शेडच्या संडासाचं दार बहुधा दोन फुटी, आणि व्हीलचेअर पंचवीस-सव्वीस इंच रुंद. म्हणजे माणूस दारातच अडतो. चौकट काढून मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर करा. दार बाहेर उघडू द्या, आत पडलेल्या माणसानं आत उघडणारं दार अडवलं तर बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. देशी भांडं असेल तर वर कमोडची खुर्ची बसते. आधाराचे दांडे मात्र अँकर फास्टनरनं (भिंतीत फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टनं) विटेच्या भिंतीत पक्के हवेत. टॉवेलची दांडी म्हणून मिळणारा पाइप लावला, तर तो पहिल्याच दिवशी माणसासकट खाली येईल.

‘दया म्हणून ठेवावं लागतं’ असंही मेसेजात एका कोपऱ्यात आहे. नसीमा हुरझुक यांनी १९८४ मध्ये याच गावात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, स्वतः व्हीलचेअरवरून. पुढे सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा उद्योग संस्थेनं दिव्यांगांना घेऊन चालवला. ती संस्था होती, तुझ्यासारखी डिलिव्हरीची तारीख गळ्याशी आलेली शेड नव्हे, हे कबूल. पण काजूचा तुकडा पडला की त्याचा भाव पडतो, तिथं दयेनं काम चालत नाही.

तर आत्येभावा, पोराला बोलाव. त्याला आधी इन्स्पेक्शनचं टेबल दाखव आणि बीकन कुठून दिसतो ते त्यालाच विचार. आणि टेप हातात आहेच तर शेडच्या दारातली पायरी किती इंच आणि संडासाचं दार आतून किती, तेवढं मोजून ग्रुपवर टाक.