लाल वर्तुळातला परकर

आज सकाळी सव्वानऊला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. कोणीतरी खाली पार्किंगमध्ये उभे राहून, मान वर करून काढलेला. अकराव्या मजल्यावरच्या एका गॅलरीत ग्रिलबाहेर वाळत घातलेला एक फिका जांभळा परकर, त्याभोवती लाल वर्तुळ, आणि खाली सूचना: बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घातल्यास दर वेळी ५०० रुपये दंड आकारला जाईल, कारण त्यामुळे ‘इमारतीच्या एलेव्हेशनची शोभा’, म्हणजे दर्शनी बाजूची शोभा, जाते. ती गॅलरी आमची आहे. परकर माझ्या सासूबाईंचा आहे. त्यांचे वय ७४ आहे आणि त्याही त्या ग्रुपवर आहेत.

त्यांनी फोटो पाहिला, चष्मा काढून ठेवला आणि काही न बोलता गॅलरीत जाऊन परकर आत घेतला. नंतर मी पाहिले, तर तो न्हाणीघरातल्या दांडीवर टॉवेलखाली, दिसणार नाही असा, वाळत घातलेला होता. या एका गोष्टीने माझा दिवस नासला. आता रात्रीचे दहा वाजले आहेत आणि राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, एका वन बीएचकेत राहतो. माणसे चार, म्हणजे रोजचे मशीनभर कपडे. लोकांना वाटते की कपड्यांचे हाल फक्त पावसाळ्यात होतात आणि आपल्याकडच्या हिवाळ्यात काय, दुपारपर्यंत सगळे कडकडीत वाळते. वाळते, पण ज्यांच्याकडे ऊन येते त्यांचे. आमची गॅलरी उत्तरेला आहे. डिसेंबरात ठाण्याला भर दुपारचा सूर्यसुद्धा दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की आमच्या गॅलरीला त्याचे तोंडही दिसत नाही. गंमत अशी, की मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य आमच्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो, म्हणजे गॅलरीत ऊन येण्याचे दिवस तेच, आणि त्यातला बहुतेक काळ आभाळ भरलेले. बिल्डरने आम्हाला जे ऊन विकले, ते पावसाळ्यात मिळते.

राहते एकच जागा, ती म्हणजे बेडरूमची नैर्ऋत्येची खिडकी. समोरच्या दोन टॉवरांच्या फटीतून तिथे हिवाळ्यात ऊन येते, साधारण पावणेतीनला येते आणि साडेतीनच्या आत जाते. हे मला कधी कळले नसते. ते माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, शोधून काढले.

अण्णा वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर नौपाड्यातली चाळीतली खोली सोडून आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी पहिली तक्रार केली ती वलणीची. चाळीच्या गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या होत्या, आणि इथे दाराएवढे एक घडीचे स्टँड होते. तक्रार करून ते थांबले नाहीत. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी बेडरूमच्या फरशीवर खडूने रेघ मारून ऊन कुठवर येते ते नोंदवायला सुरुवात केली. फरशी पुसणाऱ्या मावशी रोज ती रेघ पुसून टाकत, म्हणून मग त्यांनी भिंतीच्या स्कर्टिंगवर पेन्सिलने बारीक खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेशेजारी तारीख लिहिली. नोव्हेंबरपासून खुणा खोलीत आत आत येत जातात, कारण सूर्य खाली उतरत जातो. २२ डिसेंबरच्या खुणेपाशी त्यांनी कारखान्यातल्या ड्रॉइंगवर काढतात तसा बाण काढून लिहिले आहे, ‘येथून परत’. त्यापुढच्या खुणा पुन्हा खिडकीकडे जातात.

ग्रुपवर ज्यांनी हसऱ्या चेहऱ्याच्या इमोजी टाकल्या, त्यांना मला एवढेच विचारायचे आहे, की तुमच्याकडे ड्राय बाल्कनी आहे ना? थ्री बीएचकेवाल्यांना बिल्डरने स्वयंपाकघरामागे ती दिली आहे, आणि सूचना काढणारे बहुतेक सगळे त्याच विंगचे आहेत. त्यांचे कपडे मागच्या बाजूला वाळतात, जिथे एलेव्हेशन नसते. मग नियम करणे सोपेच. गच्चीचे म्हणाल, तर तिला कुलूप आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली आपली ही सहकारी संस्था, आणि त्या सहकारात चार दोऱ्या बांधायला जागा नाही. टाकीजवळ लहान मुले जातात, हे कारण मला मान्य आहे, तेवढे खरे आहे. पण सकाळी दोन तास वॉचमनकडून कुलूप उघडून घेण्याने कोणाचे काय बिघडणार होते?

‘घरात वाळवा’ असे एका बाईंनी लिहिले. वाळवतोच, बाई. घरात वाळवणे म्हणजे काय असते, तेही अण्णांमुळेच मला कळले. एकदा त्यांनी मशीनमधून पिळून निघालेले कपडे पिशवीत भरून ताणकाट्याला लावले. सहा किलो भरले. दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळल्यावर तेच कपडे चार किलो. ‘दोन लिटर पाणी गेले कुठे?’ असे त्यांनी माझ्या मुलाला विचारले आणि उत्तर देण्यासाठी त्याला कपाटामागे नेले. बाहेरच्या गार भिंतीला लागून असलेल्या कपाटाच्या पाठीवर काळ्या ठिपक्यांची बुरशी आली होती. बंद घरातली दमट हवा अशा गार भिंतीला लागते आणि पाणी तिथे सुटते. पंखा लावला तरी तो तीच हवा घरातल्या घरात फिरवतो, खिडकी उघडी असल्याशिवाय दमटपणा बाहेर जात नाही. आणि खिडकी उघडली की शेजारच्या बांधकामाची धूळ येते. हिवाळ्यात वारा मंदावतो, रात्री गार झालेली हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूळ तिच्यातच तरंगत राहते. पांढरा शर्ट स्टँडवरून काढून कॉलरवर बोट फिरवले, तर बोट काळे होते. ‘ड्रायर घ्या’ असाही एक सल्ला आला. ड्रायर ठेवायचा कुठे, मुलाच्या अंथरुणावर? आणि एका वेळेला जाणारी दोन-तीन युनिट वीज कोण भरणार?

खालच्या मजल्यावरच्या काकूंचे मात्र मी ऐकून घेईन. मागच्या वर्षी आमच्या ओल्या चादरीचे पाणी त्यांनी वाळत घातलेल्या सांडग्यांवर गळले होते. ती चूक आमचीच होती. मी माफी मागितली, तेव्हापासून ग्रिलबाहेर न पिळलेला कपडा घातलेला नाही. त्यांनी फोटो काढला नव्हता, जिना चढून वर आल्या होत्या.

राग थोडा उतरला आहे, पण पुन्हा त्या लाल वर्तुळाकडे पाहिले की चढतो. इमारतीसमोर उघडा नाला आहे, गेटबाहेर डेब्रिजचा ढीग गणपतीपासून पडला आहे, त्यांच्याभोवती कोणी वर्तुळ काढले नाही. डोळ्यात खुपला तो एका म्हातारीचा धुतलेला परकर. नौपाड्याच्या गच्चीवर कोणाची साडी नवी, कोणाच्या सदऱ्याला ठिगळ, कोणाच्या घरी बाळंतीण आली आहे, हे सगळे दोरीवर दिसत असे आणि त्याची कोणालाही लाज वाटत नसे. (चाळीचे गोडवे मी गाणार नाही. नळावरची भांडणेही मी ऐकलेली आहेत.)

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या हिवाळ्यात त्यांना दमा होता आणि डॉक्टरांनी ओले कपडे त्यांच्या खोलीत ठेवू नका असे सांगितले होते. पण ऊन फक्त त्याच खोलीत येत असे. त्यामुळे पावणेतीनला स्टँड आत, साडेतीनला बाहेर, आणि ती पाऊण तासाची वेळ ते स्वतः हॉलमध्ये खुर्चीवर बसून काढत. जाताना मला बजावत, की पातळ कापडाकडे बघू नकोस, ते आपोआप वाळते. कॉलर, खिसे आणि नेफे उन्हाकडे कर. मी अजूनही तसेच करते. रविवारी घरी असते तेव्हा मीच स्टँड फिरवते, इतर दिवशी सासूबाई फिरवतात. त्या आधी स्कर्टिंगवरची खूण बघतात, मग घड्याळ.

परकर मात्र त्यांनी कधी त्या खोलीत वाळत घातला नाही. तिथे मुलगा अभ्यासाला बसतो, त्याचे मित्र येतात. म्हणून उत्तरेच्या गॅलरीत, दोन चिमट्यांनी, कडेला. त्यांच्या समजुतीप्रमाणे तीच आडोशाची जागा होती.

हे लिहिता लिहिता उठून न्हाणीघरात जाऊन आले. टॉवेल बाजूला केला. तेरा तास झाले तरी नेफा अजून ओला आहे आणि त्याला कुबट वास यायला लागला आहे. परकर पुन्हा धुतला, घट्ट पिळला, झटकला आणि होता तिथेच, गॅलरीत, ग्रिलबाहेर, दोन चिमटे लावून घालून आले. ५०० रुपये डब्यातून काढून फ्रीजवर ठेवले आहेत.