पाळना आडकला तर?

मुलाखतीच्या कागदावर चोवीस प्रश्न आहेत. तेवीस माझे. चोविसावा दादरच्या एका झेरॉक्सवाल्याने निळ्या बॉलपेनने लिहिलाय, आणि आधी लिहून मग झेरॉक्स काढल्यामुळे तो सगळ्या प्रतींवर आलाय. माझे तेवीस जरा पुसट आहेत, टोनर संपत आला होता म्हणे. त्याचा एकटा ठसठशीत.

आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला अण्णांची मुलाखत आहे. रविवार, संध्याकाळी सहा, चाळीस मिनिटं. अण्णांना तुम्ही पाहिलं नसेल, ऐकलं असेल. मुंबईजवळच्या एका थीम पार्कात पाळण्याचा दांडा खाली यायच्या आत ‘हात, पाय आणि डोकं आत ठेवा’ म्हणणारे ते अण्णा. भूतबंगल्यात खदाखदा हसतात तेही अण्णाच. कार्यवाहांनी मला एकच सूचना दिली: ‘सुरुवातीलाच आवाज काढून दाखवायला सांगा, पब्लिकला मजा येते.’ दातांच्या डॉक्टरची मुलाखत असती तर ‘जरा एक दाढ काढून दाखवा’ म्हणाले असते का? पण आवाजवाला माणूस म्हणजे चावी दिलेलं माकड, असं आपल्याकडे ठरलेलंच आहे.

तर मी प्रश्न काढले. ‘या क्षेत्रात कसे आलात’ हा ठरवून टाळला. तो विचारला की माणूस जन्मगावाहून निघतो आणि स्टुडिओच्या दाराशी पोचेपर्यंत आभाराची वेळ होते. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटता येईल असे प्रश्न काढून टाकले. एका प्रश्नात दोन प्रश्न ठेवायचे नाहीत, कारण ज्येष्ठ माणूस दुसऱ्याचं उत्तर देतो आणि पहिला सभागृहात लोंबकळत राहतो. चाळीस मिनिटांत दहा-बाराच प्रश्न होतात. बाकीचे, समोरचा तुटक बोलायला लागला तर हाताशी असावेत म्हणून.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आवाजवाल्याच्या हातात कागद आधी द्यायचा नाही. जन्मभर त्याने समोर आलेला कागद वाचलाय. प्रश्न मिळाले की तो उत्तरं लिहून काढतो आणि वाचून दाखवतो, तेही इतकं सुरेख की मध्ये थांबवायची सोय नाही. त्याला फोनवर नुसते विषय सांगायचे. अण्णांना मी तेवढेच सांगितले होते. प्रती पाच: एक माझी, एक कार्यवाहांची, एक निवेदिकेची, एक ध्वनिफीत सोडणाऱ्या मुलाची, आणि एक हरवायला.

दुकान जिन्याखालचं. पंखा एक, माणसं सात. तिथे मराठीची वर्ड फाईल कधी देऊ नये; संगणकात फॉन्ट नसला की रफार एका ओळीत आणि अक्षर दुसऱ्या ओळीत. मी शहाणपणाने पीडीएफ केली होती. अक्षर सोळा पॉइंट, एकाच बाजूला छपाई. मंचावर पान उलटलं की माइकमधून पापड मोडल्यासारखं ऐकू येतं. हे सगळं मला कळतं. झेरॉक्सवाले काका फाईल उघडून मोठ्याने वाचायला लागतील, हे तेवढं कळलं नव्हतं.

‘प्रश्न पहिला. रेकॉर्डिंग करताना हेडफोनचा कोणता कान उघडा ठेवता?’ काकांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘हा पहिला?’

‘हो.’

‘नमस्कार वगैरे काही नाही? डायरेक्ट कान?’

मागे स्पायरल बायंडिंगसाठी थांबलेली कॉलेजची मुलगी फिसकन हसली. काय सांगणार? दोन्ही कानांवर हेडफोन असला की माणूस आपल्याच गोड आवाजाच्या प्रेमात पडतो आणि बोलायच्या ऐवजी ‘आवाज’ लावायला लागतो. म्हणून बरेच जण एक कान मोकळा ठेवतात. पहिलाच प्रश्न इतका बारका आला की समोरच्याला कळतं, या बाईने अभ्यास केलाय, इथे ठरलेली उत्तरं चालायची नाहीत. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘ताई, माणसाचं काम घशाचं आणि तुम्ही चौकशी कानाची करताय.’

पाचव्या प्रश्नाला तर रांगेत तंटा झाला. प्रश्न वेळेचा होता. समजा, पार्कातल्या खेळाची दर पंचेचाळीस सेकंदांनी एक गाडी सुटते. त्यात सूचना मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत. भाषेला बारा सेकंद धरले तर छत्तीस झाले, मधल्या दोन थांब्यांचे चार, उरले पाच, त्यात घंटा. मोकळ्या जागेत सेकंदाला दोनापेक्षा जास्त शब्द कळत नाहीत, म्हणजे एका भाषेला शब्द फक्त चोवीस. त्यातून ‘कृपया’ काढायचं की ‘गर्भवती महिला’, असा पेच असतो. माझा प्रश्न होता की अशा वेळी तुम्ही कोणता शब्द काढलात.

‘पण आधी कोणती भाषा?’ काकांनी विचारलं.

‘तो प्रश्न नाहीये, काका.’

‘नाही कसा? तोच तर प्रश्न आहे!’ हे आधारकार्ड लॅमिनेट करायला आलेले गृहस्थ बोलले. ‘मुंबईत मराठी पहिली पाहिजे!’ त्यांच्या मागचा मुलगा म्हणाला की पहिली कुणी ऐकतच नाही, लोक तेव्हा चप्पल काढत असतात. मग शेवटी ठेवा. शेवटी ठेवली तर गाडी सुटते आणि मराठी किंकाळ्यांत जाते. मधली जागा मराठीला द्यायला कुणीच तयार नव्हतं. दहा मिनिटं गेली. प्रिंटर तापून बसला होता.

खरं सांगते, वाद मुद्द्याला धरून होता, याचाच मला जास्त राग आला.

नववा प्रश्न भोंग्याचा. अण्णांचं सगळं नाव खर्जावर, आणि पार्कातले छोटे भोंगे तीन-चारशे हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेरच सोडत नाहीत. पुरुषाच्या आवाजाचा पाया असतो शंभरच्या आसपास. म्हणजे ज्यासाठी त्यांना पैसे देतात तेच भोंगा गिळतो आणि पुढे पाठवतो ते निव्वळ ‘स’ आणि ‘श’. त्यात दोन भोंगे चौतीस मीटरवर असले की लांबच्याचा आवाज सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो, शब्दावर शब्द चढतो. म्हणून ही माणसं शब्दांमध्ये फट ठेवून बोलतात. आपल्याला वाटतं, किती भारदस्त! तो भारदस्तपणा नसतो, प्रतिध्वनीला वाट करून दिलेली असते.

‘आमच्या गल्लीत नवरात्रात भोंगा लावतात,’ काका म्हणाले. ‘सगळं ऐकू येतं.’

‘ऐकू येतं. कळतं का?’

यावर ते गप्प झाले. सबंध सकाळमधला माझा तेवढाच विजय.

पुढचे प्रश्न त्यांनी भराभर वाचले, चांगले होते म्हणूनच बहुधा. फ, भ, ख यांच्या फुंकरीसाठी माइक एक वीत लांब आणि किंचित तिरका ठेवता का? किंकाळ्या आणि राक्षसी हसणं शेवटी ठेवता का? (ठेवावंच लागतं, एकदा घसा फाटला की मग ‘पिण्याचे पाणी डावीकडे आहे’ हेसुद्धा भुताच्या आवाजात येतं.) आणि माझा लाडका अकरावा: उंचीचा नियम १२० सेंटीमीटरवरून १३० वर गेला तर सगळं वाक्य नव्याने बोलता, की नुसतं ‘वीस’ काढून ‘तीस’ चिकटवतात? मधे पंधरा वर्षं गेली असतील तर ‘एकशे’ म्हणतो जवान माणूस आणि ‘तीस’ म्हणतो त्याचा काका. यावर सभागृह हसणार, याची मला खात्री होती. दुकानात कुणीही हसलं नाही.

सोळाव्यावर काका अडले. ‘यात प्रश्नचिन्हं दोन आहेत.’

होती. नियम माझा आणि मोडलाही मीच. प्रश्न लांबला होता, कारण त्यात मी कॅलिफोर्नियातल्या डिझ्नीलँडचा भूतबंगला घातला होता. हाँटेड मॅन्शन, १९६९ साली उघडलेला. त्यात आपल्याला फिरवणाऱ्या भुताचा आवाज पॉल फ्रीस यांचा. ते १९८६ साली वारले. त्यांचं भूत तिथे अजून कामावर आहे. तिथेच गाणाऱ्या पुतळ्यांमध्ये एक मोडका पुतळा आहे. चेहरा आणि आवाज दोन्ही थर्ल रेवनस्क्रॉफ्ट यांचे, पण बघणारे हमखास म्हणतात, हा वॉल्ट डिझ्नी! थीम पार्कातल्या हलत्या बाहुल्यांत आवाज आधी मुद्रित होतो आणि बाहुलीचा जबडा त्याबरहुकूम हलवतात, सिनेमाच्या डबिंगच्या बरोबर उलटं. म्हणून विचारलं होतं, पुतळा तुमच्या आवाजात बोलतो तेव्हा कसं वाटतं? आणि श्रेय त्याला जातं तेव्हा?

‘वाईट वाटत असणार,’ काका म्हणाले. ‘त्यात विचारायचं काय?’

मग त्यांनी तेवीसही पानं काढली, म्हणजे पानं तीनच, प्रश्न तेवीस, आणि खाली मोकळी जागा बघून कानावरचं पेन काढलं. ‘हे राहिलं तुमचं,’ म्हणत मला कळायच्या आत लिहिलं: ‘पाळना वर आडकला तर काय बोलतात?’

मी काही बोलले नाही, कारण ते खरंच राहिलं होतं. बंद पडल्यावर वाजवायची ध्वनिफीतही आधीच बोलून ठेवलेली असते. त्याच हाँटेड मॅन्शनमध्ये गाडी थांबली की फ्रीस यांचं भूत सांगतं, खोडकर भुतांनी सफरीत विघ्न आणलंय, बसून राहा. हे मला पाठ आहे. तरी तेवीस प्रश्नांत ते कुठेही नव्हतं, आणि जिन्याखाली बसलेल्या माणसाला ते सुचलं. बरं सुचलं, तर एक ‘ण’ आणि एक ‘अ’ तरी नीट लिहायचा!

खोडायला सांगावं म्हणून तोंड उघडलं, तोवर मशीन सुरू झालं होतं. बिलात पंधराऐवजी अठरा झेरॉक्स निघाल्या.

‘एक सेट जास्त लागलाय, काका.’

‘तो अण्णांचा. समोरच्या चाळीत तर राहतात. संध्याकाळी लाइटबिलाची झेरॉक्स काढायला येतात, तेव्हा देईन. तुम्हाला कशाला हेलपाटा?’

सहा रुपये जास्तीचे माझ्याकडूनच घेतले.

रात्री साडेनऊला अण्णांचा व्हॉइस मेसेज आला. प्रत्येक शब्दामागे फट सोडलेली, चौतीस मीटरवरच्या भोंग्यासाठी असावी तशी. ‘प्रश्न मिळाले. उत्तरं लिहून झाली आहेत. वाचून घड्याळ लावून पाहिलं. तुमचे प्रश्न धरून एकोणचाळीस मिनिटं, चाळीस सेकंद. तुम्ही जरा सावकाश वाचाल, असं धरलं आहे. आणि चोविसाव्या प्रश्नात, मॅडम, “पाळणा” आणि “अडकला” हे दोन्ही शब्द चुकले आहेत. वाचनालयाचा कार्यक्रम आहे. मी माझ्या प्रतीवर दुरुस्त केले आहेत. तुम्हीही करून घ्या.’