ऑलिव्हर, हिलक्स आणि सुध्याची चोरी

विषय सुध्यानेच काढला. आला, गाडीची किल्ली बोटात फिरवत बसला आणि म्हणाला, “टॉप गिअर बंद पडलं ते बरंच झालं यार, सगळं स्क्रिप्टेड होतं.” टॉप गिअर म्हणजे बीबीसीचा गाड्यांचा शो. सूत्रसंचालक फ्लिन्टॉफच्या अपघातानंतर तो कसा बंद पडला ते आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, त्यावर कोणी काही बोललं नाही. पण ‘सगळं स्क्रिप्टेड’ ऐकलं आणि अमृताने मोबाईल खाली ठेवला. तिने मोबाईल खाली ठेवला की समोरच्याचं काही खरं नसतं.

“म्हणजे नक्की काय काय?” ती.

“तुला सांगतो,” सुध्याचं प्रत्येक वाक्य इथूनच सुरू होतं, “ती रिलायंट रॉबिन, तीनचाकी, दर वळणावर आडवी व्हायची ना? डिफरन्शियलमध्ये, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या भागात, मुद्दाम गडबड केलेली. जुना सूत्रसंचालक क्लार्कसन, त्याने स्वतः नंतर कबूल केलंय.” डिफरन्शियल हा शब्द तो असा म्हणतो जणू त्यानेच शोधलाय.

“केलेली की. सर्कशीत जोकर पडला की तू तिकिटाचे पैसे परत मागतोस का?”

बंड्या फिसकन हसला. सुध्या म्हणाला, मुद्दा तो नाही, मुद्दा प्रामाणिकपणाचा आहे.

“बरं, मग ती टोयोटा हिलक्स घे,” अमृता म्हणाली. “१९८८ची जुनी खटारा पिकअप, ब्रिस्टल चॅनलच्या किनाऱ्यावर बांधून ठेवली, भरती आली आणि ओढून घेऊन गेली. त्या भरतीला डायलॉग कोणी पाठ करून दिले होते? पुढे तिला आग लावली, शेवटी २४० फुटी इमारतीच्या टपावर चढवून ती इमारतच पाडली. आणि मेकॅनिकने साधी हत्यारं घेऊन, इंजिनाचा एकही नवा पार्ट न घालता चालू केली. मी अजून तो आवाज ऐकला की अंगावर काटा येतो.”

माझ्याही येतो, खोटं कशाला बोलू. ती हिलक्स नंतर स्टुडिओत चौथऱ्यावर ठेवली होती एखाद्या देवासारखी, आणि मला ते अगदी योग्य वाटायचं.

सुध्या हरत आला की विषय बदलतो. “आणि तो मारामारी करणारा क्लार्कसन? गरम जेवण मिळालं नाही म्हणून प्रोड्यूसरला ठोसा मारला, २०१५ला.”

“ते चूकच होतं आणि बीबीसीने हाकलला ते बरोबर केलं,” अमृता एका दमात म्हणाली. “भारतात केलेल्या इंडिया स्पेशल एपिसोडमध्ये जॅग्वारच्या मागे संडास लावून फिरला त्याचाही मला राग आला होता, अजून आहे. एखादी गोष्ट आवडते म्हणून तिच्यातल्या माणसाचं सगळंच पटायला पाहिजे असं नाही. तू पण आवडतोस की आम्हाला.”

यावर सुध्याला काय बोलावं कळेना, म्हणून तो परत म्हणाला, “पण स्क्रिप्टेड.”

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेला बंड्या बोलला. “एल्व्हिंग्टनची धावपट्टी. २००६. दुसरा सूत्रसंचालक हॅमंड, त्याच्या जेट कारचा टायर ताशी २८८ मैलांच्या स्पीडला फुटला. ते पण लिहिलेलं होतं का रे?”

थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. तेव्हा रोज ‘शुद्धीवर आला का’ म्हणून बातम्या बघायचो आम्ही, ज्या माणसाला आयुष्यात कधी भेटलो नाही त्याच्यासाठी. आणि तो परत आला, त्याने तो अपघात स्टुडिओत बसून दाखवला, आणि बाकीच्या दोघांनी पहिल्या पाच मिनिटांतच त्याची खेचायला सुरुवात केली. मला तरी हा शो म्हणजे तेवढंच वाटतं. २०१६ला नवा सूत्रसंचालक इव्हान्स नुसता ओरडत होता तेव्हा तेच नव्हतं. नंतरचा क्रिस हॅरिस गाडी अप्रतिम चालवायचा, ते मानतो मी, पण जुन्या तिघांतला तिसरा, जेम्स मे, रस्ता चुकला की जो आनंद व्हायचा तो नाही मिळाला परत.

मग त्या तिघांच्या बोट्सवानाच्या प्रवासाचा एपिसोड निघालाच. १९६३ची ओपेल कॅडेट, हॅमंडने तिचं नाव ऑलिव्हर ठेवलं आणि तिथेच सगळा घोळ झाला, कारण नाव ठेवलेली गाडी कोण टाकून येणार, ती नदीत बुडाली तरी तो तिच्याशी बोलत बोलत दुरुस्त करत बसला आणि शेवटी घेऊन गेला इंग्लंडला. ज्याची गाडी कायमची मरेल त्याच्या नशिबी बीटल, जी क्लार्कसनला बघवत नव्हती. २०२४ला तिघांनी एकत्र शो करणं थांबवलं, तो शेवटही बोट्सवानातल्या कुबू बेटावर, जिथे ते त्या प्रवासातही गेले होते. अमृता म्हणाली ती तेव्हा रडली. मी पण रडलो.

“कोणाची गाडी बंद पडली की बाकीचे दोघं निघून जायचे बघ,” मी म्हटलं, तसा बंड्या एकदम ताठ झाला.

“हां! आणि माझी गाडी भर पावसात बंद पडली होती तेव्हा हा,” सुध्याकडे बोट, “हॉर्न वाजवत, हात हलवत पुढे गेला! थांबला नाही! दोन तास भिजलो मी!”

“अरे पण नियम तोच आहे ना, बंद पडला तो मागे,” सुध्या बोलून गेला.

“कोणाचा नियम?” अमृताचा आवाज एकदम गोड.

सुध्या गप्प.

“बघत नव्हतास ना तू? स्क्रिप्टेड म्हणून?”

“एक-दोन एपिसोड बघितले असतील लहानपणी...”

“शोच्या ट्रॅकवर टॉम क्रूझचा लॅप टाइम?”

“एक चव्वेचाळीस पॉइंट दोन,” सुध्याने सेकंदाच्या आत सांगितलं, “किआ सीड गाडी, आणि शेवटच्या वळणावर दोन चाकांवर...” आणि थांबला.

बंड्या कट्ट्यावरून खाली उतरून हसत होता. अमृताने काही न बोलता मोबाईल परत उचलला.