खाचरातला पिवळा बेडूक आणि फॉरवर्डमधलं विष

मिरगाचे दोन-तीन पाऊस झाले की कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर हा मेसेज फिरू लागतो: ‘सावधान! ॲमेझॉनचे विषारी पिवळे बेडूक जहाजातून कोकणात आलेत. रंग जेवढा भडक तेवढं विष जास्त, दोन्हींचं जनुक एकच. एक बेडूक दहा माणसं मारतो. दिसताच ठेचा.’

जहाजाचं आधी मिटवू. खाचरात डरावणारा पिवळाधमक गडी इथलाच, शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. विणीच्या दिवसांत फक्त नर पिवळा होतो, गळ्याच्या पिशव्या निळ्या पडतात. हंगाम सरला की पुन्हा मातकट.

दहा माणसांची गोष्ट ज्याच्यावरून उचलली, तो सोनेरी बेडूक कोलंबियाच्या प्रशांत किनाऱ्यावरचा. तिथून ॲमेझॉन कुठे! आणि लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर; आपल्या गड्यापुढे पोरच.

‘एकच जनुक’ हा खरा घोटाळा. सोनेरी बेडकासारख्या विषारी बेडकांचं विष मुख्यतः खाण्यातून येतं, मुंग्या आणि माइट्समधून (गोचिडांसारखे बारीक जीव). काचपेटीत फळमाश्यांवर वाढवलेली पिल्लं रंगानं तशीच झळझळीत, पण बिनविषारी. स्वतःच्या विषानं न मरण्याची सोय जनुकांत असते हे खरं, पण ती बाब वेगळी.

रंगाचा कारखाना त्वचेत. वरच्या पेशींत पिवळं-लाल रंगद्रव्य, मधल्यांत उजेड परतवणाऱ्या, ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या चकत्या, खाली काळं मेलॅनिन. निळं रंगद्रव्य नाहीच! वरचा पिवळा थर नसला की चकत्यांवरून परतलेला उजेड निळा दिसतो, असला की हिरवा. (मेसेज पिवळ्या बेडकाचा, फोटो मात्र सुरिनामच्या निळ्याचा. धन्य!) कुठल्या पेशी कुठे आणि किती, हे अनेक जनुकं मिळून ठरवतात. म्हणून तर पनामातल्या बोकास देल तोरो या बेटांच्या समूहात विषारी बेडकाची एकच जात एका बेटावर लाल, दुसऱ्यावर हिरवी, तिसऱ्यावर निळी.

‘भडक तेवढं विषारी’ हे मात्र निव्वळ थाप नाही. बोकासमध्ये जास्त भडक बेडूक जास्त विषारी निघाले. इक्वेडोरमधल्या दोन जातींत मात्र उलटं: भडक होती ती कमी विषारी.

राहिलं ठेचणं. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारतानं १९८७ साली बंद केली. आता त्यांना फॉरवर्डपायी मारायचं? लावणी करताना पायाशी आलाच तर बांधाकडे हाकला. तो मादी शोधतोय.