स्वतःच्याच जागेत गाडी लावली म्हणून १०० पौंड

नोव्हेंबरातली सकाळ, इंग्लंडमधल्या आमच्या रेडिंगचा तो नेहमीचा बारीक पाऊस. लेकाला शाळेत सोडायला खाली उतरले तर गाडीच्या पुढच्या काचेवर पिवळं प्लॅस्टिकचं पाकीट चिकटवलेलं. आत कागद. परमिट दिसत नाही, सबब १०० पौंड. १४ दिवसांत भरले तर ६०. गाडी कुठे होती? १४ नंबरच्या जागेत. १४ नंबरची जागा कुणाची? आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला ज्या फ्लॅटचं भाडं भरतो, त्या फ्लॅटची.

परमिट गाडीतच होतं. डॅशबोर्डवरून घसरून काचेखालच्या फटीत गेलेलं. दार जोरात लावलं की जातंच ते. अर्धं वर दिसत होतं, पण फोटो काढणाऱ्याने अशा कोनातून काढला होता की तेवढंही दिसू नये.

आई नाशिकहून आली होती, ती खिडकीतून सगळं बघत होती. वर गेल्यावर पहिला प्रश्न, "अगं, पोलिसांचं आहे का ते? तुमच्या व्हिसाला काही होणार नाही ना?" आणि नवऱ्याचं ठरलेलं उत्तर, "साठ भरून टाक. कटकट नको."

या 'भरून टाक, कटकट नको'बद्दलच मला लिहायचंय. इथल्या आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी असा पिवळा कागद टाकतं आणि खाली दहा जण हेच लिहितात. परक्या देशात आहोत, नियमाने राहावं, हे मलाही पटतं. पण हा नियम कुणाचा, हे तरी बघाल की नाही? कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, काचेवर लावलेली असते ती पेनल्टी चार्ज नोटीस. खाजगी कंपनीची असते ती पार्किंग चार्ज नोटीस. आद्याक्षरं तीच, पीसीएन. पाकिटाचा रंग, कागदाचा थाट, बारकोड, सगळं सरकारी वाटावं असं. पण पहिला दंड आहे आणि दुसरं बिल. गुन्हा नाही, पोलीस नाहीत, निव्वळ दिवाणी मामला. आणि बिल आलं की आपण नाशिकच्या वाण्यालासुद्धा विचारतो, "हे कशाचे लावलेत?"

कंपनीचं म्हणणं असं असतं: आम्ही फाटकाशी पाटी लावली, तुम्ही ती वाचून गाडी लावलीत, म्हणजे आपल्यात करार झाला, आणि तुम्ही तो मोडलात. दुकानांच्या आवारात हे चालतं. चेम्सफर्डच्या बेव्हिस खटल्यात तेच झालं. दोन तास फुकट पार्किंग, माणूस ५६ मिनिटं जास्त थांबला, ८५ पौंडांचं बिल, आणि २०१५ साली सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं. हे लोक पत्रोपत्री या निकालाचा दाखला देतात. पण बेव्हिस दुसऱ्याच्या आवारात पाहुणा होता हो! मी माझ्या दारात होते. माझा करार आधीच झाला होता, घरमालकाशी.

त्या रात्री भाडेकरार उघडला. सही करताना आपण फक्त भाडं, डिपॉझिट आणि नोटीस पीरियड बघतो. बाकीची वीस पानं पहिल्यांदाच वाचली. दुसऱ्या पानावर एक ओळ: फ्लॅटसोबत १४ क्रमांकाची पार्किंगची जागा. बस. परमिटचा उल्लेख नाही, कंपनीचा नाही, दंडाचा तर नाहीच. मग घरमालकाला फोन केला. बोलायला भला माणूस. त्याच्याकडून त्याची मूळ लीज, म्हणजे फ्लॅटवरच्या त्याच्या हक्काचा करार, मागवली, कारण त्याच्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच तो मला देऊ शकतो. त्या लीजमध्येही जागा त्या फ्लॅटच्याच वापरासाठी दिलेली. पार्किंग कंपनी बऱ्याच वर्षांनी आली, इमारत सांभाळणाऱ्या मॅनेजिंग एजंटने आणलेली. आधी दिलेला हक्क नंतर आलेला तिसराच कुणीतरी खांबावर पाटी ठोकून कसा काढून घेणार?

कंपनी आणली ते उगाच नाही, हेही सांगते. स्टेशन जवळ आहे. लंडनला जाणारे लोक आमच्या जागांत गाड्या लावून निघून जायचे. रहिवाशांनीच तक्रारी केल्या होत्या. पण अशा बऱ्याच व्यवस्थांमध्ये कंपनी इमारतीकडून काहीच घेत नाही, फाडलेल्या पावत्यांवर जगते. आता बाहेरचे लोक चार दिवसांत शहाणे होऊन यायचे बंद होतात. मग पावत्या कुणाच्या फाडायच्या? रोज रात्री तिथेच सापडणारा एकच माणूस उरतो, आणि तो म्हणजे तिथला रहिवासी. पुण्याच्या सोसायटीत सेक्रेटरी काका खाली उभे राहून "ओ मॅडम, स्टिकर कुठंय?" म्हणून ओरडले असते. तेव्हा राग यायचा त्यांचा. आता वाटतं, निदान तोंडावर ओरडायचे आणि वर बघून ओळखायचे.

अपील कंपनीकडेच आधी करावं लागतं, २८ दिवसांत. मी लिहिलं ते गाडीची नोंदणीकृत कीपर, म्हणजे गाडी जिच्या नावावर नोंदलेली आहे ती, म्हणून. गाडी कुणी लावली होती ते सांगितलं नाही. खाजगी कंपनीला ते सांगायची सक्ती नाही. २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये कीपरकडून वसुली करता येते खरी, पण नोटिशीची मुदत आणि मजकूर कायद्यात आहे तसा काटेकोर पाळला असेल तरच. सोबत कराराचं पान, लीजचं पान, घसरलेल्या परमिटचा फोटो. आणि ऑक्सफर्डच्या जॉप्सन खटल्याचा उल्लेख. २०१६ चा निकाल आहे. एक बाई स्वतःच्या इमारतीच्या दाराशी सामान उतरवायला थांबली, तिला बिल लागलं, ती अपिलात जिंकली. काउंटी कोर्ट म्हणजे खालचं दिवाणी कोर्ट, त्याचा निकाल बाकीच्यांवर बंधनकारक नाही, पण वाचणाऱ्याला विचार करायला लावतो.

उत्तर आलं ते छापील. माझ्या एकाही मुद्द्याला हात नाही. मात्र खाली पोपलाकडे जाण्यासाठीचा कोड होता. पोपला म्हणजे स्वतंत्र अपील सेवा, आपल्याला एक पेनी पडत नाही. (कंपनी पार्किंगवाल्यांच्या दुसऱ्या संघटनेची सदस्य असेल तर अपील आयएएस नावाच्या तिच्या अपील सेवेकडे जातं.) तिथे तेच सगळं परत टाकलं. तीन आठवड्यांनी मेल: कंपनी हे प्रकरण लढवणार नाही. माझा मुद्दा बरोबर होता की त्यांना तेवढा वेळ घालवायचा नव्हता, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. नवरा म्हणाला, "एवढ्या वेळात साठ पौंड कमावले असतेस." असेनही.

आता दुसरी बाजू. ग्रुपवर दहातले दोन जण उलटं सांगतात: कचऱ्यात टाका, काही होत नाही. हे त्याहून वाईट. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने तेच केलं. वसुलीवाल्यांची लाल अक्षरांतली पत्रं आली, रक्कम १७० वर गेली. ते लोक बेलिफ नसतात, दारात येऊन टीव्ही उचलू शकत नाहीत, हे त्याला माहीत होतं. मग त्याने घर बदललं. आपण भाडेकरू, वर्ष-दीड वर्षात घर बदलतोच. लॉगबुकवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा, पत्ता बदलायचा राहिला आणि कोर्टाचा दावा जुन्या घराच्या पायपुसण्यावर पडून राहिला. उत्तर गेलं नाही म्हणून निकाल आपोआप विरुद्ध. सीसीजे म्हणतात त्याला, म्हणजे काउंटी कोर्ट जजमेंट. महिन्याच्या आत पैसे भरले तर नोंद पुसली जाते, नाहीतर सहा वर्षं राहते. याला कळलं केव्हा? पुढच्या घराच्या एजंटने क्रेडिट चेक केला तेव्हा. घर हातचं गेलं. त्यामुळे बाकी काही करा न करा, डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, पत्ता कळवा, आणि दावा करण्याआधीचं पत्र किंवा कोर्टाचा कागद आला तर त्याच दिवशी उघडा.

आणि सगळ्यांचे करार माझ्यासारखे नसतात. 'परमिट दाखवणं बंधनकारक' अशी अट तुमच्या करारात असेल, तर तुमची बाजू माझ्याइतकी मजबूत नाही. अट असूनही लढता येतं, पण मग पाटी किती उंचावर होती, अक्षरं किती बारीक होती, असे मुद्दे शोधावे लागतात.

परमिट मी आता चिकटपट्टीने काचेला लावलंय. आईने ते पिवळं पाकीट टाकू दिलं नाही, "चांगलं जाड प्लॅस्टिक आहे" म्हणून परतीच्या प्रवासाचे कागद त्यातच घालून नेले. आणि १४ नंबरच्या जागेत पाटी लावायचा अधिकार तुम्हाला कुठल्या कलमाने मिळाला, असं मॅनेजिंग एजंटला विचारलेल्या मेलचं उत्तर अजून यायचंय.

अपिलाचा मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते. फक्त आधी स्वतःचा करार वाचा आणि मगच तो वापरा. गेल्या वेळी एकाने जसाच्या तसा पाठवला, त्यात जागेचा नंबर १४ तसाच राहिला होता.